ब्लॉगवर सर्च बॉक्स नेमका कुठे ठेवायचा?

वेंगुर्ल्याजवळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. १२ वर्षं त्या ब्लॉग लिहितायत: मालवणी पदार्थ, गावोगावच्या जत्रा, दशावतार, जुनी घरं. लेख साडेतीनशेच्या घरात गेलेत. सुरुवात गूगलच्या ब्लॉगर या सेवेवर झाली, पुढे सगळं वर्डप्रेस या संकेतस्थळं चालवायच्या सॉफ्टवेअरवर हलवलं. सर्च बॉक्स उजव्या पट्टीत, सगळ्यात शेवटी आहे. भाचा म्हणतो, वर उजव्या कोपऱ्यात घे. मैत्रीण म्हणते, काढूनच टाक, हल्ली सगळे गूगलवरच शोधतात. कोणाचं ऐकू?

ताई, भाच्याचं ऐका, पण तेवढ्यावर थांबू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लोकांची छोटी संकेतस्थळं बांधायचं काम मी बरीच वर्षं करतोय. बागायतदार, होमस्टेवाले, वाचनालयं, तुमच्यासारखे लिहिणारे, असे सगळे त्यात आले. हा प्रश्न प्रत्येक कामात कधी ना कधी येतोच, आणि दरवेळी मी आधी एकच गोष्ट करायला सांगतो: तुमचा ब्लॉग तुमच्याच फोनवर उघडा.

आत्ताच करून बघा. तिसऱ्यांच्या (म्हणजे शिंपल्यांच्या) सुक्याचा लेख उघडा आणि सर्च बॉक्स सापडेपर्यंत अंगठ्यानं पान वर सरकवत राहा. लेख संपेल, मग शेअरची बटणं, मग 'हेही वाचा', मग वाचकांच्या प्रतिक्रिया. त्यानंतर कुठे तुमची उजवी पट्टी सुरू होईल, कारण अरुंद पडद्यावर बाजूच्या पट्टीला बाजूला जागाच उरत नाही. बहुतेक थीम, म्हणजे ब्लॉगच्या मांडणीचे तयार साचे, ती पट्टी उचलून मजकुराच्या खाली टाकतात. त्या पट्टीतही आधी तुमचा परिचय, मग २०१३ पासूनच्या महिन्यांची यादी, मग टॅगांचा ढीग आणि तळाला बॉक्स. लॅपटॉपवर लिहिताना तो तुम्हाला कोपऱ्यात दिसत असतो, म्हणून तो 'आहे' असं वाटतं. फोनवर वाचणाऱ्याच्या लेखी तो नाहीच. आणि तुमचा वाचक कोण? मुंबईतला चाकरमानी, लोकलमध्ये उभा. किंवा एखादी सून, एका हाताला पीठ आणि दुसऱ्या हातात फोन. लॅपटॉपसमोर बसून सोलकढीची कृती शोधणारे थोडेच.

लॅपटॉपवरसुद्धा उजवी पट्टी भरवशाची नाही. तिथे जाहिराती असतात हे वाचकांच्या डोळ्यांना इतकं ठाऊक झालंय की ते तो भाग बघतच नाहीत. वेबवरच्या या सवयीवर १९९८ सालीच अभ्यास झाला होता. जाहिरातीसारखी दिसणारी चौकट लोक सोडून देतात, मग तिच्यात कामाची गोष्ट का असेना.

आता वरचा उजवा कोपरा. तो चांगला कशामुळे? तिथे काही खास जादू नाही, लोकांना त्या जागेची सवय आहे. आपल्याकडे कोणाच्या घरी गेलं की पाय धुवायला पाणी कुठे आहे हे विचारावं लागत नाही. खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या कडेला, पायरीपाशी ते असणार हे गृहीत असतं. एखाद्यानं हौसेनं ते माजघरात नेऊन ठेवलं तर पाहुणा चिखलाच्या पायांनी तसाच उभा राहील. याकोब नील्सन हे वेबच्या वापरसुलभतेवर दीर्घकाळ काम केलेले तज्ज्ञ. त्यांचा मुद्दा हाच होता: लोक आपला बहुतेक वेळ दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवर घालवतात, त्यामुळे तुमचंही तसंच चालावं ही त्यांची अपेक्षा असते. नाव डावीकडे, शोध उजवीकडे, ही मांडणी त्यांच्या हाताला बसलेली आहे. तिथे वेगळेपणा दाखवू नका. तुमचा वेगळेपणा लेखांत भरपूर आहे.

मैत्रिणीच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. लोक गूगलवरून येतात हे खरंच. पण येतात कुठे? घराच्या मांडणीत सांगायचं तर खळं, पडवी, ओटी असं काही न ओलांडता ते थेट माजघरात उतरतात, म्हणजे एखाद्या आतल्या लेखावर. तुमचं मुखपृष्ठ त्यांनी कधी पाहिलेलंही नसतं. कोणीतरी 'कोळंबीची आमटी' वाचून खूश झालं आणि तुमच्याच पद्धतीचं आणखी काही हवंसं वाटलं, तर ते कुठे शोधणार? परत गूगलवर गेलं तर गूगल दहा वेगळ्या घरी पाठवेल. एकाच संकेतस्थळापुरता शोध गूगलवर कसा घ्यायचा हे माहीत असलेला सामान्य वाचक मला क्वचितच भेटलाय. तेव्हा बॉक्स काढू नका. उलट मुखपृष्ठ मांडताना जितका विचार करता, तितकाच लेखाच्या पानाचा करा.

लेख तीस-चाळीस असते तर मीच काढा म्हटलं असतं. तेवढ्यांना एक नीट अनुक्रमणिका पुरते, आणि शोधून दोन-तीनच निकाल आले की ब्लॉग उगाच रिकामा वाटतो. साडेतीनशे लेखांना मात्र शोध लागतोच.

माझ्या मते तुमच्याकडे बॉक्स तीन ठिकाणी असावा, आणि तिन्ही ठिकाणी त्याचं रूप वेगळं असावं.

पहिली जागा म्हणजे प्रत्येक पानाचा वरचा उजवा कोपरा. लॅपटॉपवर जागा असते, तिथे उघडा बॉक्स द्या. फोनवर भिंगाचं चिन्ह आणि शेजारी 'शोधा' हा शब्द. नुसतं भिंग तरुणांना कळतं, पण तुमच्या वाचकांत साठीपुढची माणसं बरीच असतील, आणि एका शब्दाला जागा ती किती लागणार? तीन आडव्या रेघांच्या मेन्यूच्या आत मात्र शोध लपवू नका. जी गोष्ट दिसत नाही ती आहे हे लोकांना आठवत नाही. चिन्हावर बोट टेकलं की बॉक्स पूर्ण रुंदीत उघडावा आणि कीबोर्ड लगेच वर यावा. दुसऱ्यांदा बोट लावायला लागता कामा नये. वर्डप्रेसच्या शोध-ब्लॉकमध्ये 'फक्त बटण' असा पर्याय आहे, त्यानं हे जमतं.

हल्ली कोणीतरी तुम्हाला सांगेल की अंगठा खालीच पोचतो, बॉक्स फोनच्या तळाशी चिकटवा. अंगठ्याचं खरं आहे, २०२१ साली ॲपलनंही आयफोनमधल्या सफारीची पत्त्याची पट्टी खाली आणली. पण ब्राउझरची पट्टी खाली, वर तुमची पट्टी, त्यावर कुकीची सूचना, अशा थरांखाली लेख गुदमरतो. ॲपला ते शोभतं. ब्लॉगला वरचीच जागा बरी. फार तर वरची पट्टी अशी ठेवा की वाचताना पान पुढे सरकलं की ती लपेल आणि किंचित मागे सरकवलं की परत दिसेल. कायम चिकटून बसणारी जाड पट्टी नको. देवनागरीला ओळींमध्ये आधीच जास्त अंतर लागतं, छोट्या पडद्यावर मोजक्याच ओळी मावतात, त्यातल्या दोन पट्टीनं खाल्ल्या तर वाचणारा कंटाळतो.

दुसरी जागा लेखाचा शेवट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लेख वाचून संपला, माणूस क्षणभर थांबला, 'आता पुढे काय' हा प्रश्न त्याच क्षणी पडतो. तो तळाशी आहे, वरचा कोपरा लांब राहिलाय. तिथेच पूर्ण रुंदीचा उघडा बॉक्स हवा, 'हेही वाचा'च्या आधी आणि प्रतिक्रियांच्या वर. त्याच्या डोक्यावर एक साधी ओळ: 'दुसरा पदार्थ किंवा गाव शोधायचंय?' कृतीच्या लेखांखाली याचा उपयोग सर्वांत जास्त होईल, कारण स्वयंपाकघरातला माणूस एका पदार्थावर थांबत नाही. तिखलं झालं की त्याला सोलकढी हवी असते. दशावताराच्या लेखांखाली मी बॉक्सऐवजी त्याच विषयाच्या चार लेखांची नावं देईन. तिथे वाचक रमलेला असतो, नेमकं काही शोधत नसतो.

लेखाच्या शेवटी तुम्ही नवीन लेखाची सूचना मिळवण्यासाठी ईमेलची चौकट ठेवली असेल, तर ती बॉक्सपासून दूर न्या. दोन रिकाम्या चौकटी जवळजवळ असल्या की लोक ईमेलच्या जागी 'उकडीचे मोदक' लिहितात आणि काहीच होत नाही म्हणून निघून जातात. हे मी समोर बसून पाहिलंय.

तिसरी जागा म्हणजे वाट चुकलेल्यांची पानं. तुम्ही ब्लॉगरवरून आलात, म्हणजे वर्ष-महिना असलेले तुमचे जुने दुवे अजून व्हॉट्सॲपवर फिरत असणार. त्यांतले काही तुटलेले असतील आणि वाचक 'पान सापडलं नाही' यावर आपटत असेल. त्या पानाच्या मध्यभागी मोठा बॉक्स ठेवा. जे पान शोधातून काही न मिळाल्यावर येतं, तिथेही तसाच. तिथे वाचकानं लिहिलेला शब्द बॉक्समध्ये तसाच राहू द्या, म्हणजे एखादं अक्षर सुधारून त्याला परत बघता येईल. खाली मासे, गोडाचं, जत्रा, घरं असे तुमचे मोठे विभाग द्या. नुसतं 'काही सापडलं नाही' म्हणून माणसाला उंबऱ्यावरून परत पाठवू नये.

मुखपृष्ठाचं थोडक्यात: ब्लॉगच्या नावाखाली उघडा, रुंद बॉक्स चालेल. तुमच्याकडे परत परत येणारे लोक कृती पुन्हा बघायलाच येतात.

रुंदीबद्दल नील्सन यांचा जुना सल्ला २७ अक्षरं मावतील एवढ्या बॉक्सचा होता. तो रोमन लिपीचा हिशेब. आपल्या लिपीत जोडाक्षरं आणि मात्रा जागेचं गणित बदलतात. म्हणून सरळ 'आंगणेवाडीची जत्रा कधी असते' एवढं लिहून बघा. ते पूर्ण दिसलं पाहिजे, मात्रा वरून कापल्या जाता कामा नयेत आणि उकार खालून. अक्षराचा आकार १६ पिक्सेलपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर आयफोन बॉक्सला बोट लावताच सगळं पान मोठं करून टाकतो आणि वाचक गोंधळतो. बटण बोटाला सहज सापडेल एवढं हवं. ॲपल ४४ पॉइंट सांगतं, अँड्रॉइडसाठी गूगल ४८ डीपी सांगतं; दोन्ही पडद्यावरच्या मापाची एककं. चौकटीत फिकट अक्षरांत 'पदार्थ, गाव किंवा सण' अशी सूचना द्या, पण तिच्यावरच विसंबू नका. लिहायला सुरुवात केली की ती नाहीशी होते. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कळेल असं 'शोधा' हे लेबल थीममध्ये आहे ना, तेवढं भाच्याला तपासायला सांगा.

एवढं झालं की जागेचा प्रश्न सुटला. पण ताई, जागा बदलून लोक शोधायला लागतील आणि हाती काही लागणार नाही, अशी वेळ तुमच्यावर येऊ शकते. मराठी ब्लॉगवर हे फार होतं, आणि मला याची मनापासून काळजी वाटते, कारण चांगलं लिहिलेलं असूनही ते सापडत नाही. तर हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही.

वर्डप्रेसचा आपला शोध अगदी साधा आहे. तुम्ही लिहिलेला अक्षरसमूह शीर्षकात, सारांशात किंवा मजकुरात जसाच्या तसा आहे का, एवढंच तो बघतो. मराठीत शब्द विभक्तीनं बदलतो. 'मालवण' शोधलं तर 'मालवणात', 'मालवणचा' सापडतं, कारण मूळ अक्षरं तशीच राहतात. पण आकारान्त शब्द घ्या. 'बांगडा' शोधलं तर 'बांगड्याचं तिखलं' सापडणार नाही. 'आंबा' लिहिलं तर 'आंब्याचं सांदण' नाही, 'जत्रा' लिहिलं तर 'जत्रेला गेलो' नाही. वाचक मूळ शब्दच लिहिणार, आणि तुमच्या शीर्षकात तो बदललेला असणार.

मग 'तिसऱ्या'. हा शब्द पडद्यावर एकच दिसतो, पण संगणकात तो दोन प्रकारे साठतो: एकदा खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त जोडून, आणि एकदा साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह वापरून. कोणता कीबोर्ड कोणता मार्ग घेतो ते त्या कीबोर्डवर अवलंबून. किनाऱ्यावर, वाऱ्यावर, कोपऱ्यात, सगळ्यांची हीच गत. तुम्ही एका प्रकारे लिहिलं आणि वाचकानं दुसऱ्या प्रकारे टंकलं, तर डोळ्यांना हुबेहूब तोच शब्द असूनही साधा शोध नाही म्हणू शकतो. १२ वर्षांत तुमचे कीबोर्ड बदलले असतील, म्हणजे तुमच्याच लेखांत दोन्ही प्रकार असण्याची शक्यता मोठी. दोन वेगळ्या फोनवरून 'तिसऱ्या' शोधून निकाल सारखे येतात का ते पाहा. येत नसतील, तर आधी सगळ्याची प्रत काढून ठेवून भाच्याकडून सर्व लेखांत एकच रूप करून घ्या आणि वाचकानं लिहिलेला शब्दही शोधाआधी त्याच रूपात बदलून घ्यायची सोय करा. चार ओळींचं काम आहे.

याच शब्दाची आणखी एक अडचण: तो शोधला की 'तिसऱ्या दिवशी गौरी-विसर्जन' असले लेखही येणार. २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून वर्डप्रेस शीर्षकात शब्द असलेले लेख वर दाखवतं, त्याआधी नुसती तारीख बघायचं. म्हणून पदार्थाचं नाव शीर्षकात मूळ रूपात आणा. 'तिसऱ्या: मालवणी सुकं' किंवा 'बांगडा तिखलं' अशी शीर्षकं वाचायलाही वाईट नाहीत.

बोलून शोधणाऱ्यांचं वेगळंच. गूगलच्या कीबोर्डवर २०१७ पासून मराठीत बोलून लिहिता येतं, आणि हात पिठात असलेला माणूस तेच करतो. तो बोलतो, 'बांगड्याचं तिखलं कसं करायचं'. वर्डप्रेस प्रत्येक सुटा शब्द लेखात असायलाच हवा असं धरतं. 'कसं' आणि 'करायचं' तुमच्या लेखात नसले की निकाल शून्य. याला उपाय प्लगइनचा, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या तयार पूरक सॉफ्टवेअरचा. रेलेव्हान्सी नावाचं प्लगइन मोफत मिळतं, सगळे शब्द जुळले नाहीत तरी जवळचे निकाल देतं, टॅग आणि विभागही शोधात घेतं आणि समानार्थी शब्दांची यादी ठेवू देतं. त्यानं डेटाबेस बराच फुगतो, तेव्हा होस्टिंगमध्ये, म्हणजे ब्लॉग साठवायला भाड्यानं घेतलेल्या जागेत, जागा आहे ना ते आधी बघा.

ती समानार्थी यादी तुम्हीच करायची, भाच्यानं नाही. वेंगुर्ल्यात सुंगटं, मुंबईत कोळंबी. तुम्ही सोलं लिहिता, पुण्याची वाचक आमसूल शोधते, दुकानात पाकिटावर कोकम असतं. तिसऱ्यांना कोणी शिंपल्या म्हणतं. सोलकढी की सोलकडी, घावन की घावणे, आंगणेवाडी की अंगणेवाडी, जत्रा की यात्रा. प्लगइन नको असेल तर प्रत्येक कृतीच्या शेवटी उघडपणे एक ओळ लिहा: 'इतर नावं: सुंगटं, कोळंबी'. रोमन लिपीत लोक जसं टंकतात तसं एक नावही त्यात घाला, कारण कीबोर्ड न बदलता शोधणारे खूप आहेत. मोठ्या मासळीबाजारात चार गावांची माणसं चार नावांनी मासा मागतात आणि विकणारी बाई चारही ओळखते. तुमचा ब्लॉगही तसा ओळखीचा व्हायला हवा, आणि ही नावं जपून ठेवणं तर तुमच्या लेखनाचंच काम आहे.

बदल केल्यावर लगेच निकाल बघायला बसू नका. वाचकांची मोजदाद करणारं गूगल ॲनालिटिक्स असेल तर त्यातली वर्धित मोजमाप (एन्हान्स्ड मेजरमेंट) ही सोय सुरू ठेवा. कोणी काय शोधलं ते त्यात नोंदलं जातं, कारण वर्डप्रेस शोधलेला शब्द पानाच्या पत्त्यात ज्या खुणेनं टाकतं ती त्याला आधीच माहीत आहे. पण कोकणातल्या ब्लॉगचे महिने सारखे नसतात. मे महिन्यात आंबा आणि फणस, जूनमध्ये मासेमारी बंद झाली की सुकट-सोडे, गणपतीआधी मोदक आणि ऋषीची भाजी, थंडीत जत्रा. निदान गणपती होईपर्यंतची यादी जमवा. त्यातही ज्या शब्दांना काहीच सापडलं नाही ते बाजूला काढा. त्यातले निम्मे तुमच्या समानार्थी यादीत जातील आणि उरलेले पुढच्या लेखांचे विषय आहेत.

त्याआधी एक छोटी परीक्षा घ्या. नील्सन यांनी २००० साली म्हटलं होतं की पाच माणसांना वापरून बघायला दिलं तरी बहुतेक चुका कळतात. गणपतीला घर भरेल तेव्हा पाच जणांना एकेक करून बोलवा, त्यांत एक आजी हवी आणि एक मुंबईचा पोरगा. त्यांच्याच फोनवर दशावताराचा एखादा लेख उघडून द्या आणि म्हणा, 'इथूनच मला कोळंबीचं लोणचं काढून दे.' मग गप्प बसा, बोट कुठे जातं ते बघा. सांगायचा मोह होईल, सांगू नका. बोट आधी जिथे गेलं ते कागदावर लिहून ठेवा आणि पाचांचे कागद भाच्याला द्या.